संथ दारू

लेलँड प्रॉक्टरच्या दुकानात मागच्या भिंतीशी
खिळ्यांची खोकी, घोड्यांचे नाल, काटेरी तारेची भेंडोळी,
आणि त्यापलीकडे, कुलपाच्या कपाटात, डबे.
मी म्हटलं, दारू हवी. बाबांच्या रायफलीसाठी.
तो म्हणाला, कुठली?
जणू मला ठाऊक असावं.

बाबांनी एक दारू सोडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
दुसरी त्याच हिवाळ्यात धरली.
तळघरात, बॉयलरपासून लांबच्या कोपऱ्यात टेबल मांडलं,
बिलिंग्जहून जुना काटा आणला,
आणि कॉफीचा कप उचलला की निम्मी बशीत सांडणारे हात
ग्रेनच्या दहाव्या भागाशी
थांबायला शिकू लागले.
आई जिन्यावरून विचारायची, किती घेतलीस, ऑस्मुंड?
बाबा खालून आकडा सांगायचे. दोघंही हसायची.
पहिल्या वर्षी आई हसायची नाही.

नळी केवढी? लेलँड विचारतो.
चोवीस इंच.
मारायचंय काय?
एल्क. नोव्हेंबरात. मसलशेलच्या वरच्या उतारावर.
मग ही नको. तो एक डबा मागे सारतो.
ही रिव्हॉल्वरची. उतावळी आहे,
ठिणगी पडायचा अवकाश, सगळं बोलून मोकळी.
चार इंचांच्या नळीत वेळच तेवढा असतो,
तिथे असंच बोलावं लागतं.
हीच रायफलीत ओतलीस
तर बोल्ट शोधायला तुझा गाल उघडावा लागेल.

लांब नळीला संथ दारू लागते.
पेटते, पण एकदम नाही.
गोळीच्या पाठीला हात लावून पळत राहते,
पळत राहते, वेग देत,
आणि तोंडाशी सोडते.
(सायकलमागे बाबा फाटकापर्यंत धावले होते.
पुढचा रस्ता उताराचा होता,
मी वळून पाहिलं नाही.)

शेवटी काउंटरवर दोन डबे उरतात.
तक्त्यात दोन्ही बसतात.
थंडीत आखडणाऱ्या जाती त्याने आधीच वगळल्या,
त्या जुलैत एक बोलतात, उणे वीसला भलतंच.
पहिली काटकसरी. थोडीशी पुरते, डबा दोन वर्षं जातो.
मी तिच्याकडे हात करते.

लेलँड नाकावरचा चष्मा वर सारतो.
ती अर्धंच काडतूस भरते, सिग्ने.
फोन वाजतो, कुत्रं दार ओरबाडतं,
आणि त्यातच दुसरं माप पडलं तर?
पितळेच्या आत अंधार असतो. कळत नाही.
ही दुसरी गळ्यापर्यंत येते.
चुकलीस तर सांडते. टेबलावर दिसते.
महाग पडेल थोडी.

मला धान्याच्या कणगीमागची बाटली आठवते,
कायम अर्धी असायची ती.

मी दुसरी घेतली.

घरी बाबांच्या फळीवर एक बरणी निघाली,
लोणच्याची, स्वच्छ धुतलेली,
तळाशी करड्या दाण्यांचा चार बोटं थर.
चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती.
वास घेतला. बोटावर दाणा घेतला.
कशावरूनही नाव कळेना.
लेलँडला फोन केला. तो म्हणाला,
नाव नसलेली दारू म्हणजे दारू नव्हे. फेकून दे.
ऑस्मुंडची असली तरी?
पलीकडे जरा वेळ नुसता रेडिओ ऐकू आला.
ऑस्मुंडची असली तर आधी फेक.

रुबार्बच्या वाफ्यात बर्फावर विखुरली.
तिळासारखी दिसली. मग वारा सुटला.

रात्री वीस पुंगळ्या ओळीत मांडल्या.
काट्याची सुई थरथरते, थबकते,
पुन्हा एक दाणा मागते.
एक, दोन, तीन.
टॉर्च मारून प्रत्येकीच्या गळ्यात डोकावायचं,
सगळीकडे सारखीच पातळी दिसली पाहिजे.

सातवीला सांडली.
फोन नाही, कुत्रं नाही, काही नाही.
माझाच हात.
दाणे टेबलाच्या कडेपर्यंत गेले.
मोरपिसाने गोळा केले, पुंगळी रिकामी केली, परत तोललं.

जिन्यावर कुणी नव्हतं.
मी आकडा मोठ्याने सांगितला.